क्वांट फायनान्सच्या मुलाखती: खानदेशात बसून तयारी होते का?

बोरीकाठचा
नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा. गणित घेऊन टी.वाय.बी.एस्सी.ला आहे. वडील एका जिनिंगमध्ये हिशोब बघतात. गणित बरं आहे, सी++ स्वतःच शिकलो, ऑनलाइन कोडिंग स्पर्धा खेळतो. गेल्या वर्षभरात 'क्वांट' हा शब्द इतक्यांदा कानावर आला की आता डोक्यातून जात नाही. म्हणजे गणिताने बाजाराची कामं करणारा माणूस: ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायच्या-विकायच्या हक्काच्या) किमती काढणं, ट्रेडिंगची मॉडेलं बनवणं, तीच ती कामं.

पुण्याच्या एका क्लासवाल्याचा फोन आला होता. त्याची फी ऐकून वडिलांनी फोन माझ्या हातात दिला आणि चहा प्यायला निघून गेले.

विचारायचं इतकंच: आयआयटीचा शिक्का नसताना या मुलाखतींपर्यंत पोहोचता येतं का? आणि पोहोचलोच तर तयारी नेमकी कशाची करायची? क्लास लावावा का?

कळणाभाकर
आमच्या वावरात एकच ऑप्शन. पाऊस पडला तर कापूस, नाही पडला तर कर्ज. प्रीमियम दरवर्षी भरतो, पेऑफ अजून बघायचाय.

पांझरा
@बोरीकाठचा, मी धुळ्याचा. सध्या मुंबईत एका परदेशी बँकेच्या मॉडेल व्हॅलिडेशनमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्या टीमने बनवलेली मॉडेलं तपासायची, मोडून बघायची, आणि कुठे मोडतात ते लिहून द्यायचं.

आधी एक घोळ मिटवून टाकतो. 'क्वांट' ही एकच नोकरी नाही. बँकांमध्ये डेरिव्हेटिव्हच्या (ऑप्शन, वायदे वगैरेंच्या) किमती काढणारे आणि रिस्क मोजणारे लोक असतात. तिथे स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस (योगायोगाने हलणाऱ्या किमतींचं गणित), ब्लॅक-शोल्स (ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र), मॉन्टे कार्लो (संगणकावर हजारो वेळा फासे टाकून अंदाज काढणं) हे विचारतात. प्रॉप फर्म स्वतःच्या पैशाने ट्रेड करतात. त्यांच्याकडे ट्रेडर, रिसर्चर आणि डेव्हलपर अशा तीन वेगळ्या वाटा आहेत आणि तिघांच्या मुलाखती वेगळ्या. ट्रेडरला तोंडी हिशोब आणि पैजांचे खेळ, रिसर्चरला प्रॉबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स आणि डेटा, डेव्हलपरला सी++ आणि मशीनच्या पोटातल्या गोष्टी. एकाची तयारी करून दुसऱ्याच्या मुलाखतीला गेलेली पुष्कळ पोरं मी बघितलीत.

बँकेच्या मुलाखतीत इटोचा लेमा (स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसमधला मूळ नियम) पाठ म्हणणारे ढिगाने येतात. 'ब्लॅक-शोल्सच्या सूत्रात शेअरचा अपेक्षित परतावा का दिसत नाही?' एवढं विचारलं की निम्मे गप्प होतात. उत्तर हेजिंगमध्ये, म्हणजे धोका झाकण्यात, आहे: ऑप्शन विकून बदल्यात योग्य तेवढे शेअर हातात ठेवले आणि ते प्रमाण सतत बदलत राहिलं, तर शेअर वर जाईल की खाली हा प्रश्नच उरत नाही. सूत्र लिहिता आलं नाही तरी चालेल, पण हे स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं.

क्लासबद्दल माझं मत: नको. प्रश्न सगळे नेटवर फुकट पडलेत. क्लास तुला फक्त उत्तरं देईल, आणि मुलाखतीत उत्तराला पाचवा हिस्सा मार्क.

अक्कलपाडा
गंज भारी लिखं भाऊ.

सातपुडा_ते_गुरुग्राम
पांझरा दादांशी बहुतांश सहमत, पण मुलाला अर्धवट चित्र देऊ नका. मी शहाद्याचा, एका प्रॉप फर्ममध्ये डेव्हलपर आहे.

तयारी ही दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे बायोडेटा कुणीतरी उघडणं. या फर्म फार थोडी माणसं घेतात आणि ठरावीक कॅम्पसवर जातात. अमळनेरहून अर्ज टाकला तर बहुतेकदा नकाराचं पत्रही येत नाही. मुलगा हुशार नाही असं त्यांचं म्हणणं नसतं, त्यांना तो दिसतच नाही. त्यामुळे 'शिक्का लागतो का' याचं प्रामाणिक उत्तर: शिक्का किंवा शिक्क्याइतकं ठळक काहीतरी. ऑलिंपियाड, कोडिंग स्पर्धांमधलं वरचं रेटिंग, नाहीतर आयएसआय (कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट), सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट), आयआयटीची एम.एस्सी. हे न सांगता फक्त कोडी सोडवायला लावणं म्हणजे पोराला फसवणं.

यावलची_मोना
@सातपुडा_ते_गुरुग्राम, दार अरुंद आहे हे खरं, पण दार एकच आहे असं लिहिलंत ते पटलं नाही. मी जळगावला विद्यापीठातून स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलं. कुठलं ऑलिंपियाड नाही, कुठलं रेटिंग नाही. पुण्यात आधी कर्ज बुडण्याच्या शक्यतेची मॉडेलं बनवणाऱ्या टीममध्ये लागले, तिथून मार्केट रिस्कमध्ये सरकले. गुरुग्रामच्या पगाराची बरोबरी नाही, पण काम क्वांटचंच आहे. शनिवारी-रविवारी घरी येऊन भरीतही खाता येतं.

आता तयारी. @बोरीकाठचा, हा प्रश्न जवळपास सगळीकडे फिरतो. नाणं फेकत राहायचं. लागोपाठ छापा-छापा यायला सरासरी किती फेकी लागतील? आणि छापा-काटा यायला किती?

शंकासुर
दोन्हीला सारख्याच. दोघांचीही शक्यता एक चतुर्थांश.

यावलची_मोना
तिथेच सगळे अडकतात. छापा-छापाला ६, छापा-काटाला ४.

शंकासुर
ताई, नाणं जळगावचं की मुंबईचं? शक्यता सारखी असताना वाट बघण्याचा वेळ वेगळा कसा होईल?

यावलची_मोना
चूक झाल्यावर तुम्ही कुठे जाऊन पडता ते बघा. पहिला छापा आलाय. तुम्हाला छापा-छापा हवाय आणि आला काटा, तर सगळं मुसळ केरात, पुन्हा शून्यापासून. पण छापा-काटा हवाय आणि पुन्हा छापा आला, तर काही बिघडलं नाही. हातात एक छापा आहेच, फक्त काट्याची वाट बघायची.

कागदावर मांडा. सुरुवातीपासून लागणाऱ्या फेकी स, आणि एक छापा हातात असताना लागणाऱ्या छ.
छापा-छापासाठी: स = १ + छ/२ + स/२, आणि छ = १ + स/२. सोडवलं की स = ६.
छापा-काटासाठी पहिलं समीकरण तेच, पण छ = १ + छ/२, म्हणजे छ = २, आणि स = ४.

मुलाखत घेणाऱ्याला ६ हा आकडा नको असतो, तो त्याला माहीत आहे. त्याला ही दोन समीकरणं तुम्ही मांडताय ते ऐकायचं असतं. आणि ६ सांगितल्यावर तो लगेच म्हणतो, 'आता तीन छापे लागोपाठ'. पद्धत कळलेला मिनिटभरात १४ सांगतो. पाठ करून आलेला पाणी मागतो.

शंकासुर
बसून सोडवलं. १४ आले. माघार घेतो, पण डोकं अजून नाही म्हणतंय.

गुर्जी_सेवानिवृत्त
मी पारोळ्याकडचा जिल्हा परिषदेचा शिक्षक, आता निवृत्त. ट्रेडरला तोंडी हिशोब लागतो असे वर वाचले म्हणून लिहितो. आमच्या वेळी दोन ते तीस पाढ्यांसोबत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीही म्हणून घेत. साडेतीनचा पाढा हल्ली शिक्षकालाही येत नाही. पुढे कॅल्क्युलेटर आला, परीक्षेत औटकी विचारणे बंद झाले, आणि मुलांचे डोके अपूर्णांक दिसला की थांबू लागले. या नवीन परीक्षांत नेमके काय विचारतात?

सातपुडा_ते_गुरुग्राम
गुर्जी, दंडवत. एका नावाजलेल्या चाचणीत ८ मिनिटांत ८० हिशोब असतात, चुकलं तर मार्क कापतात. अपूर्णांक, दशांश, टक्के सगळं, कागद-पेन वर्ज्य. ज्याला पाऊणकी येते त्याला ०.७५ × ४८ ला विचार करावा लागत नाही. बाकीची पोरं यासाठी मोबाइलवर ॲप घेऊन महिनोन्महिने सराव करतात.

गुर्जी_सेवानिवृत्त
छत्तीस. ॲपची गरज नाही, मुलांनो. सकाळी गोठ्यात जाताना मोठ्याने म्हणा.

कळणाभाकर
गुर्जींना गुरुग्रामला पाठवा. सायन-आउट बोनस धोतराच्या सोग्यात मावायचा नाही.

सातपुडा_ते_गुरुग्राम
साइन-ऑन, भाऊ, नोकरीला लागताना देतात तो 😄

सराफकट्टा
आमचं जळगावात सोन्याचं दुकान. मुलगा प्रॉप फर्मच्या मुलाखतीची तयारी करत होता, तेव्हा तो घरात 'मार्केट मेकिंग'चा खेळ खेळायचा. मला तो लगेच कळला, कारण सराफ रोज तेच करतो: घ्यायचा भाव एक, द्यायचा भाव जरा वर, मधला फरक आपला. पण त्या मुलाखतीतली खोच वेगळी आहे, ती सांगतो.

समोरचा विचारतो, अमुक गोष्टीचा आकडा किती असेल? समजा, भुसावळ जंक्शनवर दिवसाला किती गाड्या थांबतात? तुम्हाला नक्की माहीत नाही. तुम्ही दोन भाव सांगायचे: १०० ला घेतो, १४० ला देतो. तो म्हणतो, '१४० ला घेतले.' आता पुढचे भाव काय? पुष्कळ मुलं पुन्हा १००-१४० च सांगतात. अरे, त्याने घाईने घेतलं म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणार! भाव वर सरकवा, १३० ला घेतो, १७० ला देतो. तो परत घेत असेल तर अजून वर. आणि आपण किती देऊन बसलोय याचा हिशोब डोक्यात चालू ठेवा. खरा आकडा शेवटी किती निघाला याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं.

दुकानात नवीन पोरगं बसवलं की हेच शिकवावं लागतं. एकाच दिवशी ओळीने सगळेच विकायला यायला लागले तर गल्ल्यावर बसून हसत राहू नकोस, बाहेर काय झालं ते बघ.

यावलची_मोना
सराफकट्टा काका, या धाग्यातला आत्तापर्यंतचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

काळजीवाहू_काका
सगळं वाचलं. तुम्ही त्याला काहीही नाव द्या, शेवटी हा सट्टाच. सेबीनेच २०२४ साली अहवाल दिला की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. आमच्या गल्लीतली दोन पोरं त्यात आहेत. तो पैसा गेला कुठे? या तुमच्या हुशार लोकांच्या खिशात. गणिताच्या पोराने शिक्षक व्हावं, शास्त्रज्ञ व्हावं.

पांझरा
काका, आकडे बरोबर आहेत, आणि त्याच अहवालात प्रॉप ट्रेडर आणि परदेशी फंडांनी नफा कमावल्याचंही आहे, तोही बहुतेक अल्गोरिदमने. त्यामुळे तुमचा मुद्दा उडवून लावता येत नाही. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग फर्मवर अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये जप्त करायला सांगितले. आरोप होता बँक निफ्टीत (बँकांच्या शेअरच्या निर्देशांकात) फेरफार केल्याचा. कंपनीने आरोप नाकारले आणि आदेशाला आव्हान दिलं. या क्षेत्रात जाणाऱ्याने हे प्रकरण वाचूनच जावं. मुलाखतीत विषय निघू शकतो, आणि 'मला राजकारण कळत नाही' हे उत्तर चालत नाही.

पण सगळं क्षेत्र सट्टा नाही. विमा कंपनीने किती पैसा राखून ठेवावा, बँकेचं कर्ज बुडालं तर भांडवल पुरेल का, हे कुणीतरी मोजायलाच हवं. आणि हुशारीचा माज नको हेही खरं. याच ऑप्शनच्या सूत्राच्या कामासाठी शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं, आणि दोघं ज्यात भागीदार होते तो लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट फंड १९९८ मध्ये बुडाला. इतर बँकांनी मिळून ३.६ अब्ज डॉलर ओतून तो सावरला. माझ्या कामात हे उदाहरण रोज आठवतं.

काळजीवाहू_काका
नोबेलवाल्यांची ही गत, आणि आपण अमळनेरच्या पोराला पाठवतोय.

पाटणादेवीचा_वाटसरू
थोडं अवांतर, माफ करा. गणित आणि खानदेश म्हटल्यावर राहवत नाही. चाळीसगावजवळ पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्याला देणगी लावून दिली. म्हणजे आजच्या भाषेत फंड असलेली संशोधन संस्था, आपल्या डोंगरात, आठशे वर्षांपूर्वी. अंकांच्या मांडण्या किती प्रकारे होतात हेही भास्कराचार्यांनी मांडून ठेवलंय. तुमच्या मुलाखतीतले परम्युटेशनचे प्रश्न त्याच घराण्यातले.

कळणाभाकर
आठशे वर्षांपूर्वी देणगी, आणि आता तिथे जायला एसटी किती आहेत ते मोजा. त्याचे दोन भाव कोण देणार?

सराफकट्टा
एकला घेतो, दोनला देतो.

तापी_एक्सप्रेस
गाडी रुळावर आणतो. मी मराठी माध्यमाचा, मुक्ताईनगरचा. कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो: भीती गणिताची नसते, इंग्रजीत मोठ्याने विचार करण्याची असते. कागदावर सुटलेलं गणित फोनवर अडतं. समोरचा गप्प, मी गप्प, आणि त्या शांततेत घामाने शर्ट ओला.

मला उपयोग झाला तो असा. या मुलाखतींना वक्तृत्व लागत नाही, मोजकी वाक्यं लागतात, तीच तीच. 'लेट मी कंडिशन ऑन द फर्स्ट टॉस.' 'आय विल ट्राय अ स्मॉलर केस फर्स्ट.' 'धिस लुक्स टू लार्ज, लेट मी चेक.' ती तोंडात बसली की बाकीचं गणित बोलतं. रात्री गच्चीवर मित्राला फोन लावून एकमेकांना प्रश्न विचारायचो. आई म्हणायची, इतक्या रात्री कोणाशी इंग्रजीत भांडतो आहेस?

आणि येत नसेल तर 'येत नाही' म्हणून थांबू नये. छोटं उदाहरण घेऊन बघतो म्हणावं. २५ घोड्यांच्या शर्यतीचं कोडं विचारलं तर ५ घोडे घेऊन सुरू करावं.

सातपुडा_ते_गुरुग्राम
हे लाख मोलाचं. त्यात डेव्हलपरची भर टाकतो: सी++ मध्ये 'व्हेक्टर (मेमरीत सलग ठेवलेली यादी) आणि लिंक्ड लिस्ट (विखुरलेल्या, एकमेकांना जोडलेल्या तुकड्यांची यादी) यात वेगवान कोण' याचं पुस्तकी उत्तर देऊ नका. मेमरी सलग असली की प्रोसेसरची कॅश (जवळची वेगवान मेमरी) कामाला येते, म्हणून पुष्कळ वेळा लिस्ट कागदावर जिंकते आणि मशीनवर हरते. स्वतः वेळ मोजून बघितला असेल तर ते बोलण्यात दिसतं.

बोरीकाठचा
सगळ्यांचे आभार. इतकं कोणी लिहील वाटलं नव्हतं. प्रोजेक्टचं काय? सगळे निफ्टीचा भाव ओळखणारं मॉडेल टाकतात. मीही तेच करू का?

पांझरा
अजिबात नको. ते बघून मुलाखत घेणारा जांभई देतो, आणि नंतर दोन-तीन प्रश्न विचारून मॉडेल पाडतो: उद्याची माहिती आज वापरली नाहीस ना? दलाली आणि कर धरलेस का? बंद पडलेल्या कंपन्या डेटात आहेत का? बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या डेटावर मॉडेल चालवून, नफा दाखवणं सोपं असतं. शंभर नियम चालवून बघितले तर एखादा नुसत्या योगायोगानेही चमकतो.

तुझ्याकडे मुंबईच्या पोरांकडे नाही असा विषय आहे. कापसाचे बाजार समितीतले रोजचे भाव सरकारच्या ॲगमार्कनेटवर मिळतात, आणि एमसीएक्स या वायदेबाजारात कापसाचे वायदे आहेत. अमळनेर, जळगाव, धुळ्याचे भाव वायद्याच्या मागे किती दिवसांनी हलतात? आवक वाढली की फरक वाढतो का? उत्तर 'काही संबंध सापडला नाही' असं आलं तरी लिही, फक्त कसं तपासलं ते नीट लिही. जिनिंगमध्ये वडिलांना विचार, ओलावा आणि प्रतीमुळे भाव कसा तुटतो. ते कुठल्याही डेटात नाही.

रावेरचा_घड
केळीचंही करा कोणीतरी. आमचा वायदा नाही, फक्त व्यापाऱ्याचा शब्द असतो.

यावलची_मोना
@बोरीकाठचा, तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण सातपुडा भाऊ आणि मी दोघंही थोडं थोडं बरोबर आहोत. तू टी.वाय.ला आहेस, म्हणजे दार बदलायची वेळ अजून गेलेली नाही. थेट प्रॉप फर्मला अर्ज टाकत बसण्यापेक्षा जॅम (आयआयटीच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) आणि आयएसआयची प्रवेश परीक्षा दे. जॅम फेब्रुवारीत असते, फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात. मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर दिलास तर आयआयटी मुंबई, आयआयटी कानपूरच्या स्टॅटिस्टिक्सची दारं उघडतात. आयएसआयच्या एम.स्टॅट.ला लेखी उत्तरांचाही पेपर असतो, पर्याय निवडून भागत नाही, सिद्धता लिहाव्या लागतात. तिथे विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळतं, हे वडिलांना आधी सांग.

या परीक्षांची प्रॉबॅबिलिटी आणि मुलाखतीची प्रॉबॅबिलिटी बरीचशी एकच आहे. एका मेहनतीत दोन कामं होतात. आणि नंबर नाही लागला तर जळगाव किंवा पुण्याला स्टॅटिस्टिक्स करून माझ्या वाटेने ये. नाहीतर ॲक्च्युअरीच्या (विम्याचा धोका मोजणाऱ्यांच्या) परीक्षा आहेत. त्यात कॉलेजचा शिक्का कमी बघतात, पेपर किती निघाले ते बघतात.

सातपुडा_ते_गुरुग्राम
यावर माझी सही. फक्त सी++ सोडू नकोस. आयएसआयमधून येणाऱ्या पुष्कळांची प्रॉबॅबिलिटी आमच्यापेक्षा भारी असते, कोड बघून रडू येतं.

काळजीवाहू_काका
विद्यावेतन किती असतं?

यावलची_मोना
काका, खोलीभाडं-जेवणाचा भार घरावर कमी पडेल इतपत. नेमका आकडा त्यांच्या माहितीपत्रकात बघा.

बोरीकाठचा
ठरलं मग. गणित आणि स्टॅट, जॅमचे दोन्ही पेपर देता येतात म्हणे. दोन्ही भरू?

यावलची_मोना
देता येतात, पण तुझं रिअल ॲनालिसिस पक्कं असेल तरच. नाहीतर एकच पेपर नीट दे. तोवर हे सोडव: फासा जास्तीत जास्त तीनदा फेकता येतो, कधीही थांबायचं, शेवटी जो आकडा आला तितके रुपये मिळतात. खेळाची किंमत किती?

शंकासुर
साडेतीन. फासा तोच आहे.

बोरीकाठचा
साडेतीन एकाच फेकीला. दोन फेकी असतील तर ४, ५, ६ ला थांबायचं, नाहीतर परत, म्हणजे ४.२५. तीन असतील तर पहिल्या फेकीला ५ किंवा ६ आला तरच थांबायचं. उत्तर ४.६७ येतंय.

शंकासुर
पहिल्यालाच ४ आला तर सोडून द्यायचा?

बोरीकाठचा
हो. पुढच्या दोन फेकींची किंमत ४.२५ आहे. दुसऱ्या फेकीला ४ आला असता तर धरला असता.

गुर्जी_सेवानिवृत्त
१४ भागिले ३. दशांशात कशाला सांगतोस?